चार मिनिटांची हजेरी

कावीळ झालेल्या माणसाने हजेरीच्या मशीनवर अंगठा द्यायला कारखान्यात येऊ नये, हे मी भेस्तानच्या आमच्या डाइंग मिलमध्ये इतक्या जणांना सुनावलं आहे, की मला स्वतःला कावीळ झाल्यावर तरी ते आठवायला हरकत नव्हती.

मी तिथला हजेरी आणि पगाराचा कारकून. आजारपणात शेठ पगार देत नाही. त्यातला बराचसा भाग सरकारी विम्यातून मिळतो. मात्र त्या दिवसांत माणूस कामावर असता कामा नये. कामगार दवाखान्याचा दाखला आणतो, आणि तो खरोखर गैरहजर होता असं मी विम्याच्या कागदावर लिहून देतो. एवढ्याशा अधिकारावर मी बरीच वर्षं रुबाब केला.

मागच्या वर्षी रंगखात्यातले धुळ्याकडचे एक काका काविळीने आजारी पडले. पण घरी पडून राहतील तर शपथ. रोज सकाळी शेअर रिक्षाने यायचे, अंगठा द्यायचे आणि परत जायचे. असे सहा दिवस. विचारलं तर म्हणाले, "तोंड दखाडीसन जास, भाऊ. मंग शेठ इसरत नही."

काम केलं नाही म्हणून शेठने त्या सहा दिवसांचा पगार कापला. मशीनमध्ये अंगठा दिसतो म्हणून मी विम्याच्या कागदावर 'हजर' लिहिलं. काकांना दोन्हीकडून काहीच मिळालं नाही. "काका, एकदा काय ते ठरवा, आजारी की हजर," असं मी वर ऐकवलं, आणि टेबलाभोवतीची मंडळी हसली. काकाही हसले. मी समजलो, विषय संपला.

यंदा माझी पाळी आली. खुर्ची मिळाली तरी माझा पगार विम्याच्या मर्यादेतच राहिलेला, त्यामुळे नियम मलाही तेच. बायको म्हणाली, "पडून राहा. तुमच्यावाचून मिल बंद पडत नाही." नेमकी तीच तर भीती होती. शेठचा भाचा नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता आणि माझ्या टेबलाशी जरा जास्तच घुटमळत होता. मग काय, मी पिवळे डोळे गॉगलमागे लपवून पर्वत पाटियाच्या घरून रिक्षाने निघालो. वॉचमनने विचारलं, डोळे आले आहेत का. हो म्हणालो. अंगठा दिला, शेठच्या केबिनसमोर उगाच एक चक्कर मारली, जाताना पुन्हा अंगठा दिला आणि घरी आलो. असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी बायकोने गॉगल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बरा होऊन कामावर आलो, तर विम्याचा कागद माझ्याच टेबलावर. 'कर्मचारी या दिवसांत कामावर होता काय?' मशीनमधली नोंद उघडली. आत आठ वाजून दोन मिनिटं, बाहेर आठ वाजून सहा. चारही दिवस असंच, चार मिनिटांचं. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की कर्मचारी केवळ चार मिनिटं येऊन गेला, काम केलेलं नाही, पगारही दिलेला नाही. सबब आजारपणाचा लाभ द्यावा. शेठने न वाचता सही केली. सगळं दहा मिनिटांत झालं.

चहा आला. अर्धा प्यायलो आणि कप बाजूला सारला. मागच्या वर्षीची हजेरी काढली. काकांचं सहाही दिवस तसंच, आत आणि बाहेर यांत पाच मिनिटांचंही अंतर नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. तेच पत्र काकांच्या नावाने लिहिलं, शेठची सही घेतली आणि विम्याच्या अर्जावर काकांची सही हवी म्हणून रंगखात्यात गेलो.

काकांनी ओले हात पुसले आणि पत्र सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"इतलंच लिखनं व्हतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"मंग मांगला वरीसले काबरं नही लिखं, भाऊ?"