मधेच डोकावताना

नव्वदच्या दशकात बारामतीत मी एका औषधचाचणीत संख्याशास्त्राचं काम करत होते. कळस आणि लोणी भापकर या गावांतल्या दमेकऱ्यांचं नेहमीचं औषध चालूच होतं. त्याशिवाय निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. दर महिन्याला आमची जीप गावात जाई. माणसं नळीत फुंकत आणि आम्ही काटा बघत असू.

कळसचे एक म्हातारे आबा मला फार आवडत. धुक्यात उसाचे तुरे तरंगत असत आणि त्यातून आबा अलगद चालत येत, पाय जमिनीला लागत नसल्यासारखे. "पोरी, आज लई लांब फुंकतो बघ!"

मग ठरल्याप्रमाणे, चाचणी अर्ध्यावर असताना आकडे तपासायची मधली पाहणी आली. गोळ्यांचा भेद आता एकट्या मला कळणार, तो माझ्या चेहऱ्यावरून फुटू नये म्हणून माझं गावात जाणं बंद झालं. आकडे मांडले. नव्या गोळीचे लोक मोकळा श्वास घेत होते. आबांना मिळत होती बिनऔषधाची.

चाचणीवरच्या देखरेख समितीचे वयस्कर डॉक्टर म्हणाले, "मग थांबवू या. सगळ्यांना नवी गोळी देऊ."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तरी मी म्हणाले, "सर, वरचेवर डोकावलं की योगायोगही खरा वाटतो. म्हणून मधेच थांबायला फरक फार मोठा हवा, असं आपणच ठरवलंय. तेवढा तो नाही. आणि नव्या गोळीचे बरेच जण यायचे थांबलेत. का, ते माहीत नाही."

त्यांनी आकड्यांचा कागद पुन्हा वाचला. "जे थांबलेत त्यांना शोधायला सांगू," एवढंच बोलले.

चाचणी चालू राहिली. दुपारी खिडकीतून एमआयडीसीचा धूर विरताना दिसे आणि मला आबांचा श्वास ऐकू येई. आपण क्रूर तर नाही ना, असं वाटत राही.

थांबलेले लोक सापडले. गोळीनं अनेकांच्या छातीत धडधड होत होती. अखेरीस त्यांचेही आकडे धरल्यावर फरक उरला, पण थोडासाच, तोही काहींपुरता.

चाचणी संपल्यावर मी कळसला गेले. आबा बांधावर बसले होते.

"माजी गोळी खरी व्हती का गं?"

"नव्हती, आबा."

"मग आता खरी देनार?"

"धडधड होऊ शकते. आमच्या डॉक्टरबाई तपासतील, मग तुम्ही ठरवा."

"बघू," म्हणाले आणि सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. पाटाचं पाणी संथ वाहत होतं. आम्ही दोघं ते बघत राहिलो.