डर्मटच्या शेतातले भूकंप

डब्लिन सोडलं तेव्हा डिकीत जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रं होती आणि शेजारच्या सीटवर आई, मांडीवर थालीपिठांचा डबा घेऊन. मी भूभौतिकीची संशोधक. आई पाटणहून उन्हाळ्यापुरती आली होती आणि तिला लेकीचं ऑफिस बघायचं होतं. माझं ऑफिस सध्या लीट्रिम परगण्यातल्या चिखलात होतं.

वाटेत तिला काम समजावलं. काही देशांत प्रचंड दाबाने पाणी घुसवून खडक फोडतात आणि आतला वायू काढतात. त्याला फ्रॅकिंग म्हणतात. त्याने कधीकधी जमीन हादरते. आयर्लंडमध्ये त्यावर बंदी आहे, म्हणून इथली न छेडलेली जमीन मला तुलनेसाठी हवी होती. अटलांटिकच्या लाटांची बारीक थरथर जमिनीतून सतत पसरत असते. ती ठिकठिकाणी टिपली की जमिनीच्या पोटातल्या थरांचं चित्र तयार होतं.

"म्हंजे सोनोग्राफी," आई म्हणाली.

लीट्रिममध्ये रस्ता अरुंद होत होत बोरीन (एका गाडीपुरती वाट) झाला. ओली हिरवळ, टेकड्यांवर रेललेले ढग. बाकीची यंत्रं बिनबोभाट पुरून झाली. शेवटचं मात्र डर्मट नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतातच हवं होतं, नाहीतर चित्राला भोक पडलं असतं. त्याच्या फाटकावर फ्रॅकिंगविरोधी जुनी पाटी होती. ती पाहून मला आपलेपणा वाटला आणि मी हसून म्हणाले, "नमस्कार, मी फ्रॅकिंगवर काम करते."

डर्मटने फाटक लावून घेतलं. वर कडीही घातली.

गावातल्या दुकानात चहाला गेलो, तर बातमी आमच्या आधी पोचलेली. "ड्रिलिंगवाल्या तुम्हीच ना?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. चहा मिळाला. स्कोन (गोडसर पाव) मात्र 'संपले' होते. काचेखाली त्यांचा ढीग दिसत होता. गाडीत बसून आम्ही थालीपीठ खाल्लं.

"चल परत," आई म्हणाली. "मी बोलते त्याच्याशी."

"कुठल्या भाषेत?"

"तू हायस की."

डर्मट फाटकाशीच उभा होता. आई थेट सुरू झाली. "त्याला सांग, आमच्याकडं धरण भरलं की जमीन हादरायची, फळीवरची भांडी वाजायची. मानसानं जमिनीशी खेळ केला की काय हुतं, ते मला ठावं हाय. माझी लेक ते मोजती, करत न्हाई. आन् म्हनावं, इतकं हेकट असू नये. तोंड बघ, एरंडेल प्याल्यावानी."

मी शेवट वगळून भाषांतर केलं. "आणि ती म्हणते, तुम्ही सावध माणूस आहात."

"तुझी आई याहून बरंच जास्त बोलली."

"मराठी जरा लांबट भाषा आहे."

तो हसला. "भांडी खरंच वाजायची?"

आईने तोंडाने खणखणाट करून दाखवला आणि डर्मटने फाटक उघडलं. खड्डा त्यानेच खणला. "माझ्या शेतात किती खोल जायचं ते मी ठरवणार," म्हणाला. आईने उरलेलं थालीपीठ पुढे केलं. पहिल्याच घासाला तो लालबुंद झाला, "ग्रँड (झकास)," म्हणाला आणि नळाकडे धावला.

काही आठवड्यांनी यंत्रं काढायला गेले, तेव्हा आई पाटणला परतली होती. डर्मटच्या स्वयंपाकघरात बसून नोंदी उघडल्या. समुद्राची संथ लय, आणि मध्येच उंच टोकं. रोज सकाळी. शेजारच्या शेतातल्या यंत्रांवर मात्र काहीच नाही. मी नोंदी पुन्हा तपासल्या. इथे भूकंप?

"डर्मट, जवळपास कुणी सुरुंग लावतंय का?"

किटली हातात धरून तो विचारात पडला. "उड्या असतील."

"कुणाच्या?"

"माझ्या. गाई सोडल्या की खड्ड्यापाशी चार उड्या मारायचो. यंत्र खरंच ऐकतं की तुम्ही थापा मारताय, ते बघायला नको?"

मी टोकं दाखवली. चष्मा लावून त्याने एकेक निरखलं. "ही मोठी दिसते ना? त्या दिवशी जड बूट होते."

परतताना गाडीत एकटीच हसत होते. त्याच्या उड्या नोंदींतून वेचून काढणं म्हणजे तांदळातले खडे निवडणं. पण राग काही येईना. जमीन आपोआप हलली की माणसाने हलवली, या भांडणावरच तर माझं पोट चालतं. आजवर जो तो निसर्गाकडे बोट दाखवत आला. चहा ओतता ओतता "हा हादरा माझा" म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.