मामाचं अडखळणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, तेही भीतीपोटी.

मी नट आहे. नायक कधीच नव्हतो. हवालदार, पोस्टमन, मुलीचा गरीब बाप — चाळीस वर्षं असलीच कामं केली. माझं नाव फारसं कुणाला आठवत नाही. पण दूरदर्शनच्या काळातल्या मालिकेत मी केलेला शिपाई लोक विसरत नाहीत. बोलताना त्याचा शब्द घशात अडकायचा, मान डावीकडे वळायची, डोळे मिटायचे, आणि मग शब्द एकदम बाहेर पडायचा. काय हसले लोक! अजूनही धरमपेठेत भाजी घ्यायला गेलो की कुणीतरी म्हणतंच, जरा करून दाखवा ना. हे सुचलं कसं, असं विचारलं की मी ऐटीत सांगायचो — निरीक्षण हो, निरीक्षण!

कुणाचं निरीक्षण? माझ्या सख्ख्या मामाचं. तो उमरेडला मागावर लुगडी विणायचा आणि बोलताना अगदी असाच अडकायचा. लहानपणी उन्हाळाभर मी त्याच्या शेजारी बसून असे. त्याने मला फार जीव लावला. आणि मी काय केलं?

मालिका त्याच्या गावातही दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं... नाही, हेही खोटं. आलं होतं. वाटलं, मामाकडे कुठे टीव्ही आहे! शेजाऱ्याकडे होता. पोरं त्याला त्या शिपायाच्या नावाने हाका मारायला लागली.

दिवाळीला गेलो तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाच्या, तो मीच हाय का गा?" एवढं विचारताना त्याची मान दोनदा वळली. मी म्हणालो, नाही मामा, मुंबईत एक कारकून आहे तसा. त्याला हायसं वाटलं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. निघताना तो वाकला — आणि मी निर्लज्जासारखा पाय पुढे करून उभा राहिलो.

पोरं काही थांबली नाहीत. मामा बाजारात बोलेनासा झाला. बोटाने दाखवून सामान घ्यायचा. तसाच गेला बिचारा.

एवढ्यावर संपलं असतं तर? गेल्या महिन्यात त्याची सून तिच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन घरी आली. पोरीचाही शब्द अडकतो, आजोबासारखाच. तिने मोबाईलवर माझा तो जुना शिपाई पाहिला होता. हसली नव्हती. माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आबाजी, तुमाले बी माह्यासारखं होत होतं काय?" किती आनंद होता तिच्या तोंडावर! मामाला नाही म्हणालो होतो. हिला — हो म्हणालो.

मग बरं कसं झालं? तिने विचारलंच. मी तोंडाला येईल ते सांगितलं. रोज पहाटे उपाशीपोटी श्वास रोखायचा, मनात वीस आकडे मोजायचे, वगैरे.

आता फोन वाजला की मला धडकी भरते. पोरगी एक दिवस चुकवत नाही म्हणे. परवा तिची आई म्हणाली, अजून फरक नाही, पण तिचा तुमच्यावर फार भरवसा आहे. किती दिवस लागतील?

मी म्हणालो, सहा महिने.