राखणदाराचे डोळे

सिंगापूरच्या म्युझियममध्ये मार्गदर्शक होण्याच्या परीक्षेत संजीवनी दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी आज, आणि तीच शेवटची. तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये भाजी चिरताना, एमआरटीच्या गाडीत, एवढंच काय, आंघोळ करतानाही महिनाभर तिची घोकंपट्टी चालली होती. "आई, रिलॅक्स लाह!" मुलगी श्रिया वैतागून सिंगापुरी ढंगात म्हणायची. रिलॅक्स कसलं! नवरा विवेक जहाजावर इंजिनिअर, मुलगी ऑफिसात. त्यांची घडी बसवण्यात सव्वीस वर्षं गेली होती. मार्गदर्शकाचा हा बिल्ला तिला स्वतःसाठी हवा होता.

परीक्षक मिसेस कोह तिला थेट एका काचेच्या पेटीपुढे घेऊन गेल्या. आत चीनमधल्या थडग्याचा मातीचा राखणदार, बाराशे-तेराशे वर्षांचा. शिंगं, पंख, खूर, सगळं एकाच अंगावर, आणि वरून हिरव्या-पिवळ्या झिलईचे ओघळ. काय रुबाब होता त्याचा! संजीवनी हरखून बघत राहिली आणि नकळत तिने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"पाय दुखताहेत का?" मिसेस कोहनी इंग्रजीत विचारलं.

संजीवनी इतकी ओशाळली, की पाठ केलेल्या सनावळ्या पार उडून गेल्या.

"बरं, सगळ्या अंगाला झिलई आहे. मग तोंड कोरडं का?"

हे तिच्या कागदात नव्हतंच! तिने वाकून पाहिलं. तोंडाला नुसता मातीचा रंग, डोळ्यांपाशी पुसटशी काळी रेघ. तिचा हात आपोआप वर आला, बोटं कुंचला धरल्यासारखी जुळली.

"झिलई भट्टीत ओघळते. डोळ्यांना लावली असती तर डोळेच वाहून गेले असते! म्हणून तोंड कोरडं ठेवलं आणि भाजून झाल्यावर कुंचल्याने रंगवलं. डोळे सगळ्यात शेवटी. आम्हीसुद्धा शेवटीच आखायचो!"

तिचं मोडकंतोडकं इंग्रजी आता सुसाट सुटलं. माहेरी पेणला गणपतींचा कारखाना होता. लग्न होईपर्यंत तिने वडिलांशेजारी बसून शेकडो गणपतींचे डोळे आखले होते, आणि त्या खोलीत चपला घालून शिरायची कुणाची टाप नव्हती.

मिसेस कोहनी तिचा फॉर्म पुढे केला. "व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही गृहिणी लिहिलंय. एवढं दुरुस्त करा, मी 'पास'वर सही करते."

संजीवनीने अनवाणी उभ्या उभ्याच 'गृहिणी'वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, मूर्तिकार.