पाय किती आहेत, ते आधी सांगा

मानोरा गावात मी आणि गजाननभाऊ साप पकडतो. साप पकडला की रानात सोडून देता येतो, किस्से मात्र डोक्यातच राहतात. मग चहाच्या टपरीवर ते कुणालातरी ऐकवावे लागतात!

पावसाळ्यात दिसेल त्या किड्यासाठी फोन येतो. म्हणून आमचा नियमच आहे, आधी पाय विचारायचे. पाय नसले तर साप, सहा असले तर किडा, आठ असले तर कोळी. साप असेल तरच गाडीला किक मारायची.

*

एकदा एका मास्तरांचा फोन आला, पाय सात! भाऊ म्हणाले, पुन्हा मोजा.

मास्तर चिडले. "मी गनित शिकवतो, भाऊ."

शेवटी गेलो. भिंतीवर लांब्या होता. हे नाव आम्हीच ठेवलेलं. दोऱ्यासारखे पाय आणि मधे मुगाच्या दाण्याएवढं अंग. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग दिसतात, याचं सगळं एकच. जाळं नाही, विष नाही. कुणी धरलंच तर पाय तिथंच सोडून हा पसार होतो. मास्तरांचं गणित बरोबर होतं.

*

एका काकूंनी लांब्याला झाडूनं हाणलं. तुटलेला पाय फरशीवर वळवळत राहिला, तसा त्यांनी त्यावर वाटी पालथी घातली. आम्ही पोचेपर्यंत काकू त्या वाटीची राखण करत होत्या आणि पायाचा मालक त्यांच्या पाठीमागे भिंतीवर आरामात फिरत होता.

*

मागच्या श्रावणात भाऊंच्या भाचीचा, सविताचा फोन आला. "मामा, लवकर या. पोरानं कोळी खाल्ला."

त्या दिवशी आम्ही पाय विचारले नाहीत.

सविता आठ महिन्यांच्या पोराला छातीशी घट्ट धरून बसली होती. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावलेली होती. पोराच्या मुठीत दोन लांब पाय वळवळत होते आणि बाकीचा प्राणी कुठंच दिसत नव्हता. लांब्याला विष नसतं हे मला माहीत होतं, पण पोराच्या घशात अडकला असला तर?

भाऊ पोराचं तोंड तपासत होते. मी पाळण्यातली गोधडी उचलली. खाली लांब्या! सहा पायांवर जरा झोकांड्या खात चालला होता. सहा आणि मुठीतले दोन, आठ पूर्ण. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तो सविताला दाखवला. पोर हसत होतं.

सवितानं बराच वेळ लांब्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मामा, याचे पाय पुन्हा येते का?"

"नाई. पन दोनचार दिवसात त्यायच्याबिना चालाले शिकते."

"पाय तोडले ना रे तू त्याचे," ती पोराला म्हणाली आणि त्याच्या पाठीत एक हलकी चापट दिली. इतका वेळ न रडलेलं पोर तेव्हा भोकाड पसरून रडलं, आणि मग सविताही.