झुंबरीच्या डोळ्याखालचा भोवरा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली न्हाई. बायकोनं न्हाई, पोरीनं न्हाई, अण्णांनी तर बिलकुलच न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो, कारण — काय कारण सांगू? तुम्ही आमच्या आष्टीचे न्हाईत, एवढंच. आणि आधीच सांगतो, गोष्ट आनंदाची हाय. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला न्हाई. म्हणून तर ती जास्त टोचते.

झुंबरी आमची घोडी. मारवाडी जातीची, तांबूस रंगाची, चारी पाय पांढरे, कपाळ पांढरं. अशा घोडीला पंचकल्याणी म्हणतात, आणि ती दारात आली की घराचं भलं होतं असं आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पक्कं मत. जत्रेतल्या घोडेबाजारातून मी तिला आणली तेव्हा अण्णांनी स्वतः तिच्या पायावर पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी मी तिला धुवायला काढली. तोंड चोळलं, अन् डाव्या डोळ्याखालचे केस गोल फिरून उभे राह्यले. भोवरा! विकणाऱ्यानं डिंकाच्या पाण्यानं तो चापूनचोपून बसवला होता. आता तुम्ही म्हणाल, केसाचा भोवरा, त्यात काय एवढं? अहो, डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. असली घोडी घराला रडवते म्हणे. अण्णांना दिसला असता तर दिवस मावळायच्या आत झुंबरी गावाबाहेर गेली असती.

मंग मी काय केलं? बाभळीचा डिंक आणला, भिजवला, अन् रोज सकाळी बोटानं भोवरा बसवू लागलो. मला फसवलं होतं, मी तेच काम पुढं चालवलं. हसा, खुशाल हसा. मी पण हसायचो. झुंबरीला डिंकाची चटक लागल्ती, माझं बोट चाटून काढायची.

लष्करात घोड्यांच्या तुकडीत मी नोकरी केल्ती. तिथं ड्रेसाज शिकलो. ड्रेसाज म्हणजे काय, तर आखलेल्या मैदानात घोड्यानं सवाराच्या मांडीच्या इशाऱ्यावर चालायचं, दुडकायचं, गोल फिरायचं, जागेवर थांबायचं, अन् परीक्षक एकेका चालीला गुण देतात. झुंबरीला ते दोन वर्षांत असं आलं की काय सांगू! कापूस वेचून मोकळ्या झालेल्या रानात ती पाय उचलायची अन् बाया इळे खाली ठेवून बघत राह्यच्या. मंग मला हाव सुटली. मारवाडी घोड्यांची एक संघटना होती. घोडं तिच्याकडं नोंदलेलं असलं, अन् दोन स्पर्धांत ड्रेसाजमध्ये चांगले गुण पडले, की ते मान्यतेचं पत्र द्यायचे. आमच्या भागात कुणालाच ते मिळालं नव्हतं. मला ते पायजे होतं. एवढं पायजे होतं की झोपेत पण मी थांब-चाल, थांब-चाल म्हणायचो, असं बायको सांगते.

नोंदणीचा कागद भरायचे ते सदाशिवतात्या. गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले, आणि नजर अशी की आठवडी बाजारात शंभर ढोरांतून आपलं वासरू वळखावं. कागदावर घोड्याचं चित्र छापलेलं असायचं. त्यावर प्रत्येक पांढरा ठिपका, प्रत्येक भोवरा जागच्या जागी काढायचा. त्या चित्रावरूनच घोडं वळखतात. तात्या आले त्या दिवशी मी डिंक जरा जास्तच लावला, तोंडावरचा पट्टा बराबर तिथंच ओढून धरला. अण्णा शेजारीच बसल्ते, मी दुसरं काय करणार होतो? तात्यांनी मानेवरचा भोवरा काढला, छातीवरचा काढला, अन् डोळ्याखाली कागद कोरा सोडला. सही ठोकली. चहा पिऊन गेले.

पहिली स्पर्धा निभावली. दुसरी औरंगाबादला. टेम्पोत झुंबरी, मी, अण्णा आणि हौसेनं आलेले तात्या. उन्हाचा तडाखा असा की सराव करतानाच घोडी घामानं न्हाली, डिंक विरघळला, अन् भोवरा आला की हो वर! कागद तपासणाऱ्या साहेबानं चित्र बघितलं, घोडी बघितली, अन् विचारलं, "घोडी बदलली का?"

इथं — इथं थांबावंसं वाटतं मला.

साहेब म्हणला, खुलासा द्या, न्हाईतर घोडी बाद. दोन वर्षांची मेहनत त्या एका वाक्यात. आणि मी, मी तात्यांकडं बोट केलं. "तपासणी यांनी केल्ती साहेब. वय झालं, नजरेतून सुटलं असंल."

तात्या पुढं झाले. झुंबरीच्या तोंडाजवळ वाकले, भोवऱ्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मंग साहेबाला म्हणले, "बराबर हाय. माझीच चूक. लिहून देतो." अन् दिलं लिहून, साध्या कागदावर, खाली सही.

झुंबरी मैदानात उतरली. अहाहा! वर्णन मला जमत न्हाई. शेवटी ती जागच्या जागी थांबली, चारी पाय सरळ, कान ताठ, अन् टाळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिली शिट्टी अण्णांची! घोडीनं गुण मिळवले, मान्यता मिळवली. गावात हलगी लावून मिरवणूक काढली, अण्णा सत्तरीत नाचले. भोवरा त्यांनी त्याच दिवशी बघितला होता. काय म्हणले ठाऊक आहे? "आसूढाळ? हां, रडवलं की हिनं मला, खुशीनं!" एवढंच. मी उगाच भ्यालो होतो. तेव्हा तरी सांगायचं ना? तात्या शेजारीच होते, गुलालानं लालेलाल. मी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला, अन् गप राह्यलो.

झुंबरीनं पुढं बरीच बक्षिसं आणली. तिच्या दोन शिंगरांची नोंदणी झाली. घर आनंदानं भरून गेल्तं, खोटं कशाला बोलू.

शिंगरांचे कागद भरायला तात्याच आले. दोन वेळा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, अन् पेन माझ्या हातात दिला. "तू काढ बाबा. मला दिसत न्हाई बराबर." मंग कुणाच्याच जनावराचं चित्र त्यांनी एकट्यानं काढलं न्हाई. संघटनेचं काम सोडलं. बाजारात जायचे ते नातवाला बरोबर घेऊन. तो दाखवील ते वासरू बघायचे.

एकदा पारावर भेटले. जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आल्ते. मी विचारलं, काय म्हणला?

"म्हणतो, नजर पोरासारखी हाय, चष्म्याची गरज न्हाई." तात्या हसले. "त्याला काय कळतंय? एवढा मोठा भोवरा मला दिसला न्हाई, तू होता ना तिथं."

मी होतो तिथं. मी मान हलवली, होय म्हणलो, अन् रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरला. तात्या त्याच समजुतीत गेले.