सप्लाय बंद होता, शहर चालू होतं

विहिरीवरच्या मोटारीतून बाईच्या रडण्याचा आवाज येतो, असं सांगत माझ्याकडं आजवर तीन जण आले. तिन्ही वेळा बेरिंग गेल्तं. म्हणून हे लिहायला मलाच लाज वाटून राह्यली. मी सलीम, टेंभुर्णीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. ताईत, धागा, उतारा... असलं काही सांगणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवर बसू देत नव्हतो. असा माणूस मी. आता वाचा.

दुकानामागं घर आणि घराच्या मागच्या खोलीत माझं शहर. चेष्टा नाही, खरंच शहर. जवानीत सहा वर्षं मी सिकंदराबादला पंख्यांच्या वाइंडिंगला होतो. खोली रेल्वेलाइनच्या बाजूला. खिडकीतून दिसायचं ते सगळं एकावर एक चढलेलं... घरं, गच्च्या, पुलाखालचा बाजार, वायरींचं जंजाळ, आणि त्याच्या मधून जाणारी इलेक्ट्रिक गाडी. ते डोक्यातून गेलंच नाही. पाच वर्षांपासून दोन पलंगांएवढ्या प्लायवूडवर ते बांधून राह्यलो. घरं लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची, खांब सायकलच्या स्पोकचे, प्रत्येक खिडकीमागं बारका एलईडी. आणि गाडीला करंट रुळातून नाही, वरच्या तारेतून, खऱ्यासारखा. बाकीचे लोक वरची तार नुसती दाखवायला लावतात म्हणे. आपल्याला असली फसवाफसवी जमत नाही. ट्रान्सफॉर्मर मीच गुंडाळलेला, बारा व्होल्टचा. काम झालं की प्लग काढून भिंतीच्या खिळ्याला लटकवायचा. ही सवय मी कधी मोडली नाही.

आता जावेद. माझी बायको नसीमा, तिचा हा एकुलता एक भाऊ. आईवडील लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला. पक्कड हातात धरायला त्याला मी शिकवलं आणि मीच कामाला लावलं. आता तो कंत्राटी लाइनमन आहे. त्याचं खांबावर चढणं नसीमाला पहिल्यापासून नको होतं. मी तिला ऐटीत सांगायचो, लाइन बंद केल्याचं परमिट सबस्टेशनातून घेतल्याशिवाय कोणी चढत नसतं, सप्लाय बंद म्हणजे बिलकुल बंद.

तो मंगळवार होता. मेंटेनन्ससाठी सकाळी दहाला गावाची लाइट गेल्ती, शेतीच्या लाइनी पण बंद. दुपारचे अडीच झाले असतील. दुकानात काही करता येत नव्हतं म्हणून मी शहरासमोर बसून एका गच्चीला कठडा चिकटवून राह्यलो होतो. खोलीत चांगला उजेड होता.

पुलाखालच्या गल्लीत एका खिडकीत दिवा लागला.

मला वाटलं, उन्हाची तिरीप असेल. मग शेजारच्या खिडकीत लागला. मग ती पूर्ण गल्ली, मग वरचे मजले... दहा-पंधरा सेकंदांत सगळं शहर उजळलं आणि गाडी हलली. मनात म्हटलं, चला, लाइट आली. वर बघितलं तर पंखा बंद. प्लग खिळ्याला, माझ्या नाकासमोर लटकलेला. मीटर उचललं, तारेला लावलं. शून्य. रेंज बदलून पाहिली, शून्यच. आणि गाडी माझ्या हाताखालून निघून गेली.

नसीमा चहा घेऊन दारात आल्ती. ती शहराकडं बघत होती.

"अजी, लाइट तो नै ना?" आणि मग एकदम, "जावेद आज लाइन पे हय?"

अल्लाची कसम, तेव्हा माझ्या डोक्यात भूत नाही आलं. आमच्या धंद्यात बंद लाइनीवर दिवा लागला तर त्याचा एकच अर्थ — रिटर्न. म्हणजे कुठंतरी कोणाचा तरी जनरेटर उलटा करंट लाइनीत सोडून राह्यला. सबस्टेशनातून सप्लाय बंद, परमिट खिशात, सगळं बराबर... आणि वर चढलेला माणूस जागीच खलास. मी स्वतःलाच म्हणत होतो, अरे सलीम, घरातला पंखा बंद आहे, रिटर्न कसला? पण पाय चपला शोधत होते.

जावेदला फोन लावला, उचलला नाही. त्याच्यासोबत गजाननभाऊ असतात, सिनियर लाइनमन. त्यांचाही नुसता वाजत राह्यला. नसीमाकडं न बघता मोटारसायकलला किक मारली. जाफराबाद रोडला तीन किलोमीटरवर त्यांचं काम होतं. ते तीन किलोमीटर मी कसे गेलो, मला आठवत नाही.

गजाननभाऊ खांबाखाली उभे होते. जावेद वर. पक्कड घेतलेला त्याचा हात तारेकडं चालला होता.

"जावेद! हात मागं! रिटर्न हय रिटर्न!"

"काय सलीमभाई, येड लागलं का?" गजाननभाऊ म्हणाले. "परमिट हाय माझ्याकडं. सकाळधरनं बंद हाय लाइन."

"अर्थिंगची साखळी टाकली का?"

ते खाली बघायला लागले. "मागच्या खांबाला टाकल्ती, मंग काढली. इथं दोनच मिन्टाचं काम व्हतं..."

"क्या भाईजान तुम भी!" वरून जावेद हसत होता. मी त्याला त्याच्या लहानपणापासून दिल्या नसतील इतक्या शिव्या दिल्या. तोंड वाकडं करत तो उतरला. मग गजाननभाऊंनी साखळीचं एक टोक जमिनीत रोवून दुसरं लांब काठीनं तारेला लावलं, म्हणजे तारेत करंट असला तर तो जमिनीत उतरतो.

फाड्कन आवाज झाला. उन्हात सुद्धा निळा जाळ दिसला.

जावेद तिथंच ढेकळात बसला, पक्कड हातातच होती. गजाननभाऊंचे ओठ पांढरे पडल्ते. त्यांनी मला विचारलं, "पण तुमाला... तुमाला कोणी सांगितलं?" मी जावेदच्या हातातली पक्कड काढून घेतली.

जनरेटर नंतर सापडला. शेतातल्या एका मांडवातला होता, लाइन आणि जनरेटर बदलायचा चेंजओव्हर स्विच उलटा पडल्ता. इथपर्यंत सगळं समजतं. पण ती लाइन शेतीची, माझ्या घराची वेगळी. दोन्हींचा कुठंच संबंध नाही, गजाननभाऊंनी स्वतः फिरून तपासलं. आणि संबंध असला तरी प्लग खिळ्याला होता ना!

घरी आलो तर नसीमा अंगणात बसल्ती. तुम्ही गेलात आणि थोड्या वेळानं आत फट् झालं, एवढंच ती सांगू शकली. खोलीत जळालेल्या व्हार्निशचा वास भरल्ता. तो वास माझ्या रोजच्या ओळखीचा, जळालेली मोटार उघडली की येतो. वरची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी पडल्ती आणि दोन खांबांच्या मधे वितळून तुटल्ती. पुठ्ठ्याच्या एकाही घराला डाग नाही. बारा व्होल्टमधे हे होत नसतं. होऊच शकत नाही.

मी शहर मोडायला निघाल्तो. नसीमानं हात धरला. "नक्को. तार बदल दो."

बदलली. जावेदनं नोकरी सोडली नाही, सोडून काय करील? आता साखळी टाकल्याशिवाय हात लावत नाही म्हणतो. पण तो लाइनीवर असला की नसीमा मला या खोलीतून उठू देत नाही. दुकान बंद राहतं. खरं सांगू का... मलाच उठायची हिंमत होत नाही.

आज पण तो वर आहे. मी इथंच बसून लिहून राह्यलो. एकाही खिडकीत दिवा लागलेला नाही. बस, एवढंच दिसतं मला. त्याचा अर्थ जावेद ठीक आहे असा घ्यायचा, का ते फक्त त्या एका दिवसापुरतं होतं, त्या जुन्या तारेसोबत जळून गेलं? तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा. मला तर काहीच कळत नाही.

नसीमा थोड्या थोड्या वेळानं दारातून विचारते, "बंद हय ना?" मी म्हणतो, "बंद हय." ती अल्हमदुलिल्लाह म्हणते आणि निवांत स्वयंपाकाला जाते. ते त्या तारेसोबतच जळून गेलं असेल, ही माझ्या मनातली शंका मी तिला अजून सांगितलेली नाही.